अर्ध्या जर्मनवर जर्मनीत काम: सातारा-सांगलीतून जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जर्मन पक्की आल्याशिवाय तिकडे कोण दारात उभं करणार, असं म्हणत दोन-दोन वर्षं क्लासच करत बसलेले काही जण असतात. दुसरीकडे ए१ चं प्रमाणपत्र (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत जातात) हातात पडताच शेत गहाण ठेवून एजंटाकडे निघालेले असतात. कराडपासून मिरजेपर्यंत दोन्ही प्रकार भरपूर दिसतात, आणि दोघांचं अडतं एकाच जागी. आपल्या कामाला कोणत्या टप्प्यावर किती भाषा लागते, हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. व्हिसाला एक पातळी लागते, मुलाखतीला दुसरी आणि कामावर रुजू झाल्यावर तिसरी. कायद्याला जर्मनचा एक शब्दही लागत नाही अशी कामं आहेत, आणि बी२ शिवाय परवानाच मिळत नाही अशीही आहेत. म्हणून क्लासची फी भरण्याआधी रस्ता ठरवायचा.

विटा, खानापूर, आटपाडीकडची सोन्या-चांदीची गलाई करणारी माणसं तमिळ, मल्याळम दुकानात बसूनच शिकली. आधी गेली, मग बोलली. जर्मनीत तसं करता येत नाही, कारण तिथे बऱ्याच वाटांवर दारातच प्रमाणपत्र मागतात. पण दारापुरती भाषा आधी आणि उरलेली कामावर, एवढी सोय तिथला कायदाही देतो.

तुमचा रस्ता कोणता

सगळं अवलंबून आहे ते तुमच्या हातात कोणता कागद आहे यावर. खालचे आकडे जिथे २०२५ चे आहेत तिथे तसं लिहिलं आहे. ते दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षाचा आकडा जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' या संकेतस्थळावर बघून घ्या.

इंजिनिअरिंगची किंवा दुसरी पदवी असेल आणि पगार पुरेसा असेल, तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा काम-परवाना. २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाला ४८,३०० युरो पगाराचं पत्र लागत होतं. इंजिनिअर, आयटी अशा टंचाईच्या कामांना ४३,७५९.८० युरो पुरत होते. जर्मन भाषेची अट नाही. म्हणून सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडून पुण्यात चार-पाच वर्षं सॉफ्टवेअर किंवा डिझाइनमध्ये काढलेल्या माणसाने बी२ होईपर्यंत थांबायचं कारण नाही. अर्ज आजपासून पाठवा, भाषा सोबत चालू ठेवा. एक मेख आहे. इंग्रजीत चालणारी ऑफिसं मोठ्या शहरांत आणि मोठ्या कंपन्यांत असतात. बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्यातल्या दोन-अडीचशे माणसांच्या मशीन कारखान्यात बैठक जर्मनमध्येच होते, मग कायदा काहीही म्हणो.

आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर जरा नीट वाचा, कारण आपल्याकडचे सगळ्यात जास्त लोक इथे आहेत आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. जर्मन कायद्याच्या बहुतेक वाटांना किमान दोन वर्षांचं, सरकारमान्य शिक्षण लागतं. आयटीआयचा फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, ते बसतात. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे आहेत, ते एकट्याने बसत नाहीत. वेल्डर मुलाला दहा वर्षांचा अनुभव असला तरी या अटीत तो अडकतो, आणि ही गोष्ट पैसे घेण्याआधी कुठलाही एजंट सांगत नाही. तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा डिप्लोमा मुदतीच्या अटीत बसतो.

दोन वर्षांचा ट्रेड आहे, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव आहे आणि मालक वर्षाला ४३,४७० युरो द्यायला तयार आहे (हाही २०२५ चा आकडा), तर अनुभवावर आधारित व्हिसा मिळतो. यातही कागदावर भाषेची अट नाही. पण एवढा पगार देणारा मालक मुलाखतीत तुमच्याशी जर्मनमध्येच बोलणार, म्हणून बी१ च्या आसपास असल्याशिवाय ही वाट प्रत्यक्षात उघडत नाही.

मालक अजून सापडलाच नसेल तर चान्सनकार्टे. जून २०२४ पासून सुरू झालेलं हे वर्षभराचं काम-शोध कार्ड आहे. मुळातली अट अशी: दोन वर्षांचं शिक्षण किंवा पदवी, आणि ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी. त्यावर सहा गुण जमवायचे. वय ३५ च्या आत असेल तर २, ३५ ते ४० असेल तर १. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर ३, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा असेल तर २. जर्मन ए२ ला १, बी१ ला २, बी२ ला ३. इंग्रजी सी१ ला १. टंचाईच्या क्षेत्रातलं शिक्षण असेल तर १. शिक्षणाला जर्मनीत अंशतः मान्यता मिळाली असेल तर ४.

आता हिशोब करा. २७ वर्षांचा फिटर, पाच वर्षं कागदोपत्री अनुभव, ए२: २ अधिक ३ अधिक १, झाले ६. तोच मुलगा २३ वर्षांचा आणि अनुभव दोनच वर्षांचा असेल तर ए२ वर ५ होतात आणि अर्ज जातच नाही. त्याला बी१ करावंच लागतं. तुमची भाषेची गरज अशी गुणांवरून ठरते, क्लासवाल्याच्या पुढच्या बॅचवरून नाही.

चान्सनकार्टेचा खरा अडथळा पैशाचा आहे. २०२५ मध्ये दरमहा १,०९१ युरो दाखवावे लागत होते, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर १३ लाख. हे पैसे फी नव्हेत. ते तुमच्याच नावावरच्या बंद खात्यात राहतात आणि तिथे गेल्यावर दरमहा थोडे थोडे हाती येतात. अर्धवेळ कामाचा करार आधीच मिळाला तर त्या पगाराइतकी रक्कम कमी करता येते. या कार्डावर आठवड्याला २० तासांपर्यंत कुठलंही काम करता येतं, आणि आपल्या कामाच्या मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून राहता येतं. ही चाचणीची सोय मोठ्या कामाची आहे. भाषा तोकडी असलेल्या सीएनसी ऑपरेटरला मुलाखतीपेक्षा मशीनसमोर उभं करणं केव्हाही फायद्याचं. अर्जातच लिहा की दोन आठवडे चाचणीला यायची तयारी आहे.

दहावी-बारावीनंतर थेट जायचं असेल तर आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यात किंवा रुग्णालयात काम आणि सोबत शाळा. मुदत दोन ते साडेतीन वर्षं. २०२५ मध्ये पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन ६८२ युरो होतं. नर्सिंगला सरकारी रुग्णालयांत हजाराच्या वर मिळतं. व्हिसाला साधारण बी१ लागतं. इथे मुलं कामावर कमी आणि शाळेत जास्त अडखळतात. वर्कशॉपमध्ये हातवारे करून निभावतं, पण व्यवसायशाळेत वेतन कायदा, साहित्यशास्त्र, नागरिकशास्त्र सगळं जर्मनमध्ये असतं आणि परीक्षाही लेखी असते. बी१ जेमतेम ६० गुणांनी काढून आउसबिल्डुंगला जाऊ नका. बी२ चा निम्मा अभ्यास संपवून जा.

नर्सिंग

मिरज, सांगली, कराड हा रुग्णालयांचा पट्टा, त्यामुळे जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुली-मुलांकडून सगळ्यात जास्त विचारणा होते. नर्सिंग तिथे परवान्याचा व्यवसाय आहे. त्या राज्याच्या कार्यालयाने तुमचं शिक्षण तपासून मान्यता दिल्याशिवाय नर्स म्हणून सही करता येत नाही. आपल्या शिक्षणाला बहुतेकदा अंशतः मान्यता मिळते आणि कमी पडलेले विषय पत्रात लिहून येतात. ते भरून काढायला दोन पर्याय असतात: रुग्णालयातला समायोजन अभ्यासक्रम किंवा ज्ञानपरीक्षा. भाषा कच्ची असेल तर अभ्यासक्रम घ्या. परीक्षा लवकर संपते खरी, पण तोंडी भागात रुग्णाची माहिती दुसऱ्या पाळीला जर्मनमध्ये सांगायची असते.

बहुतेक जण बी१ वर जातात आणि बी२ तिथे करतात. तोपर्यंत सहायक म्हणून काम आणि सहायकाचाच पगार. हा काळ किती महिन्यांचा धरला आहे आणि बी२ च्या क्लासचे तास कामाच्या वेळेत धरलेत की सुट्टीत, हे करारात लिहून घ्या. आठवड्याला ३८-३९ तास वॉर्डात काढून वर स्वतःच्या वेळात बी२ करणं फार थोड्यांना जमतं, आणि सहायकाच्या पगारावर दोन वर्षं अडकून पडायचं मुख्य कारण तेच असतं.

नर्सकडून भरतीसाठी पैसे घेणं हा चांगल्या मालकाचा रिवाज नाही. खर्च मालक करतो. न्याय्य भरतीसाठी जर्मन सरकारने 'फेअर अन्वेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' नावाची मुद्रा ठेवली आहे. ती असलेल्या संस्थांची यादी उघड आहे, तिथून सुरुवात करा.

कागद आधी लावून ठेवा

भाषेला वर्ष लागतं, कागदांनाही जवळपास तेवढंच. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा.

पासपोर्टवरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव हा आपल्याकडचा कायमचा घोळ आहे. मार्कलिस्टवर 'पाटील राहुल सुरेश', आधारवर 'राहुल सुरेश पाटील', अनुभवपत्रावर नुसतंच 'राहुल पाटील'. पासपोर्टच्या अर्जात आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं नाव लिहा. मग पुढचा प्रत्येक कागद त्याच स्पेलिंगने करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह प्रमाणपत्र आणि त्याचं भाषांतर सोबत ठेवावं. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये.

अनुभवपत्र हा दुसरा घोळ, आणि हा जास्त महाग पडतो. कुपवाड, पलूस, ओगलेवाडी, सातारा एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपमध्ये पगार रोख मिळतो, पीएफ नसतो. मोठ्या कंपनीत असाल तरी कागदावर कंत्राटदाराचे कामगार असता. मग पाच वर्षं केलेलं काम कागदावर शून्य दिसतं. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत घ्या. त्यात पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, आणि कोणत्या मशीनवर काय केलं हे चार ओळींत असू द्या. 'हेल्पर' लिहून आलं तर परत पाठवा, हेल्परचा अनुभव ट्रेडचा धरत नाहीत. जोडीला पीएफचं पासबुक, पगारपत्रकं, बँकेच्या नोंदी. आज रोखीने पगार घेणाऱ्याने निदान यापुढचा तरी खात्यावर मागावा.

पदवीधारकांनी 'अनाबिन' या जर्मन माहितीसंचात आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधावी. विद्यापीठापुढे 'एच प्लस' असेल तर ते मान्य. दोन्ही जिल्ह्यांतल्या बऱ्याच जणांची पदवी शिवाजी विद्यापीठाची असते, पण स्वायत्त किंवा अभिमत संस्थेतून शिकला असाल तर त्या संस्थेचं नाव वेगळं शोधा. पदवी यादीत सापडली नाही तर बॉनच्या केंद्रीय कार्यालयाकडून तुलनापत्र मागवावं लागतं, त्याची फी २०८ युरो. ट्रेडवाल्यांची तपासणी बहुतेकदा न्युर्नबर्गचं आयएचके फोझा हे कार्यालय करतं. फी १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान, आणि सगळे कागद पोचल्यावर तीन-चार महिने.

अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, याबद्दल एक सूचना. भारत अपॉस्टिलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे भारतीय कागदावरच्या अपॉस्टिलला जर्मनीत कायद्याने वजन नाही. तरीही 'मंत्रालयातून आणि दिल्लीहून शिक्के मारून देतो' म्हणून दर कागदामागे हजारो रुपये घेतले जातात. संबंधित जर्मन कार्यालयाने लेखी मागितल्याशिवाय यावर खर्च करू नका.

भाषेचं वेळापत्रक

गोएथे संस्थेच्या अंदाजाने ए१ ला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, ए२ पर्यंत एकूण २०० ते ३५०, बी१ पर्यंत ३५० ते ६५०, बी२ पर्यंत ६०० ते ८००. पाळी करून रोज एक घड्याळी तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर आठवड्याला आठ तासिका होतात. या वेगाने बी१ ला दहा महिने ते दीड वर्ष. 'तीन महिन्यांत बी१' अशी पाटी लावणाऱ्या क्लासमध्ये रोज सहा-सात तास बसवणार असतील तरच ते खरं.

गोएथेच्या बी१ आणि बी२ परीक्षांचे वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येकाला १०० पैकी ६० हवेत, आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्याकडची मुलं बहुतेक ऐकण्यात अडकतात, कारण क्लासमध्ये जर्मन ऐकू येते ती शिक्षकाच्या मराठी वळणाची. रोज अर्धा तास डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे फुकट मिळणारे धडे ऐका. परीक्षेला मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे गोएथे संस्थेच्या पुण्यातल्या शाखेत जावं लागतं. जागा लवकर भरतात, म्हणून तारखा जाहीर झाल्या की त्याच दिवशी नोंदणी करा आणि आदल्या रात्री पुण्यात मुक्काम ठेवा. प्रमाणपत्राला तशी मुदत नसते, पण जुनं असेल तर अधिकारी आणि मालक नवं मागू शकतात. म्हणून कागद तयार नसताना परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

मराठी माणसाला काही गोष्टी सोप्या जातात, त्या वापरून घ्या. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत. एकवीस-बावीसमध्ये आधी एकक येतो, तसाच जर्मनमध्येही येतो. 'चमचा'तला च त्यांच्या झेड अक्षराला चालतो. अवघड जातात ते ओठ गोल करून काढायचे स्वर आणि घड्याळ. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. पहिल्याच आठवड्यात पाळीला तासभर उशिरा पोचायचं हे ठरलेलं कारण.

जाहिरात वाचायची कशी

जर्मन रोजगार कार्यालयाचं नोकरी-संकेतस्थळ फुकट आहे आणि सगळ्यात मोठं आहे. तिथे 'फिटर' टाकून काही हाती लागत नाही. तिथला फिटर 'इंडुस्ट्रीमेखानिकर', सीएनसी टर्नर-मिलर 'त्सेरश्पानुंग्समेखानिकर', वेल्डर 'श्वाइसर', नर्स 'फ्लेगेफाखक्राफ्ट'. आपल्या कामाचं नेमकं जर्मन नाव आणि त्यात येणारी कामं त्याच कार्यालयाच्या 'बेरूफेनेट' या कोशात बघा, स्पेलिंग तिथूनच उचला.

जाहिरातीत भाषेची अट ठरावीक शब्दांत असते. 'ग्रुंडकेंटनिसे' म्हणजे मूलभूत, ए२ ला अर्ज करा. 'गुटे' म्हणजे चांगली, बी१-बी२. 'झेअर गुटे' किंवा 'फ्लीसेंड' म्हणजे सी१ च्या आसपास, आणि 'फरहांडलुंग्सझिशर' म्हणजे वाटाघाटी करता येतील इतकी. बी१ वाल्याने 'गुटे'पर्यंतच्या सगळ्या जाहिरातींना अर्ज करावा. भाषेचा उल्लेखच नाही, याचा अर्थ भाषा नको असा होत नाही. जर्मन येणारच असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

अर्ज एकाच पीडीएफमध्ये: एक पानी पत्र, दोन पानांपर्यंत तक्त्यासारखा बायोडाटा, मग प्रमाणपत्रं. अलीकडचं काम वर. दोन नोकऱ्यांमध्ये रिकामा काळ असेल तर 'शेतीकाम', 'जर्मन भाषेचा पूर्णवेळ अभ्यास' असं स्पष्ट लिहा. मोकळी जागा त्यांना खटकते. भाषेपुढे पातळी, परीक्षा आणि तारीख लिहा, आणि पुढची परीक्षा ठरली असेल तर तीही. 'बी१ उत्तीर्ण, बी२ चा अभ्यास चालू, परीक्षा अमुक महिन्यात' ही ओळ 'जर्मन उत्तम' यापेक्षा जास्त विश्वास देते.

पत्र मोबाइलमधल्या मदतनिसाकडून सी१ च्या भाषेत लिहून घेऊ नका. चुका तपासून घ्यायला हरकत नाही. पण पत्र सी१ चं आणि माणूस ए२ चा असला की मुलाखतीच्या तिसऱ्या मिनिटाला ते उघडं पडतं, आणि मग अनुभवपत्रंही खोटी असावीत असा संशय येतो. आठ-दहा साधी, स्वतःला पाठ असलेली वाक्यं लिहा: मी कोण, कोणत्या मशीनवर किती वर्षं, तुमची जाहिरात का, कधी येऊ शकतो.

सीएनसीवाल्यांनी कंट्रोलरचं नाव जरूर लिहावं. आपल्याकडे फानुक जास्त, तिथे सीमेन्सचं सिनुमेरिक आणि हायडेनहाइन बरंच आढळतं. ड्रॉइंगमधलं फर्स्ट अँगल प्रोजेक्शन दोन्हीकडे सारखं. पण तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असतं: १२,५ म्हणजे साडेबारा, १.००० म्हणजे एक हजार. चाचणीच्या दिवशी याने जॉब वाया गेलेला कुणी विसरत नाही.

मुलाखत

बहुतेक मुलाखती व्हिडिओवर होतात. वेळ ठरवताना लक्षात ठेवा: उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच. गावात लाईट जाण्याची वेळ बघून इन्व्हर्टर किंवा मोबाइल डेटाची सोय ठेवा.

अर्धी भाषा असताना मुलाखत निभावते ती तयार वाक्यांवर. स्वतःची दीड मिनिटाची ओळख, रोजच्या कामाचं वर्णन, बिघाड आला तर काय करता, आणि त्यांना विचारायचे तीन प्रश्न, एवढं तोंडपाठ हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न कळल्याचं सांगता येणं. 'क्योनेन झी दास बिट्टे लांगझामर झागेन?' म्हणजे जरा सावकाश सांगाल का. हे विचारायला लाजू नका. समजलं नसताना मान डोलावून 'या, या' म्हणणं ही आपली भिडस्त सवय तिथे धोक्याची ठरते. मशीनवर न समजता हो म्हणणारा माणूस त्यांना नको असतो, आणि ते मुद्दाम असा प्रश्न टाकून बघतात. उत्तर देताना त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा, मग उत्तर द्या. तेवढ्यात विचार करायला वेळही मिळतो.

एजंटाकडे जायचंच असेल तर

परदेशी नोकरीला लावून देणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. नोंदणीकृतांची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. त्यांना उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावतीने. चार-पाच लाख मागणारा माणूस कितीही जवळचा पाहुणा असो, कायद्याबाहेर आहे. 'भाषेचा क्लास आणि नोकरी एकत्र पॅकेज' असं म्हणून तीच रक्कम क्लासच्या नावाने घेण्याची पद्धत आहे. तिथे विचारा की बी१ नापास झालो तर किती परत मिळणार, आणि उत्तर कागदावर घ्या.

नोकरीचं पत्र खरं आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. जर्मन कंपनीच्या संकेतस्थळावर 'इम्प्रेसुम' नावाचं पान कायद्याने असतं, त्यात पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक जर्मनीच्या व्यापार नोंदवहीत फुकट तपासा. मग पत्रावरच्या नंबरवर नाही, तर इम्प्रेसुममधल्या नंबरवर फोन करून कार्मिक विभागाला विचारा. अर्ध्या जर्मनमध्ये हा फोन करणं हा चांगला सरावही आहे.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. 'सरकारी कोट्यातून लावतो' असं कुणी म्हणत असेल तर आधी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात चौकशी करा.

करार आणि पहिले आठवडे

करार जर्मनमध्ये येतो. सही करण्याआधी पाच गोष्टी शोधा: ढोबळ (कपातीपूर्वीचा) पगार, आठवड्याचे तास, रजा, चाचणीकाळ आणि परतफेडीचं कलम. एकट्या माणसाच्या हाती ढोबळ पगाराच्या साधारण दोन-तृतीयांश रक्कम येते, हप्त्यांचा हिशोब त्यावर करा. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाची २० दिवस रजा हे कायद्याचं किमान. चाचणीकाळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर कुणीही करार मोडू शकतं. परतफेडीच्या कलमात 'लवकर सोडलं तर क्लास आणि विमानाचे पैसे परत' असं असतं. रक्कम किती आणि ती दर महिन्याला कमी होते का, हे बघा.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरून मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो, फी ७५ युरो. पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. मग कर क्रमांक टपालाने येतो. टपालपेटीवर तुमच्या आडनावाची चिठ्ठी नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि कर क्रमांकाशिवाय पहिल्या पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जातो.

कामावर पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती देऊन सही घेतात. सही म्हणजे 'मला समजलं'. समजलं नसेल तर इंग्रजीत मागा, बऱ्याच ठिकाणी असतं. 'नोट आउस' हे आणीबाणीचं बटण आणि 'आख्टुंग', 'फोरझिष्ट' हे इशारे जाण्याआधीच कानाला सवयीचे हवेत. आजारी पडलात तर पाळी सुरू होण्याआधी कळवायचं, नुसतं घरी राहायचं नाही. बाडेन-वुर्टेमबर्गात गेलात तर कारखान्यात श्वाबियन बोली कानावर पडेल आणि बी१ सुद्धा विसरल्यासारखं वाटेल. ती कानावर बसायला काही महिने जातात. गावोगावच्या 'फोक्सहोखशूले'मध्ये संध्याकाळचे स्वस्त भाषावर्ग असतात, तिथे पहिल्याच आठवड्यात नाव घाला. पाळ्या बदलत्या असतील तर प्रवेशाआधी तसं सांगा, काही वर्ग त्याप्रमाणे असतात.

चान्सनकार्टेवर गेलेल्यांना पूर्णवेळ नोकरी मिळाली की करार घेऊन परदेशी नागरिक कार्यालयात परवाना बदलायचा अर्ज करावा लागतो. भेटीची वेळ मिळायला अनेक शहरांत आठवडे जातात, म्हणून कार्ड संपायच्या निदान दोन-तीन महिने आधी अर्ज टाका आणि अर्जाची पोच जपून ठेवा. मालक कितीही घाई करत असला तरी नवा परवाना हातात येईपर्यंत आठवड्याला २० तासांच्या वर काम करू नका.